स्वतःला आणखी घाबरवून काही होणार नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, आईला मधुमेह. गेल्या वर्षी तपासणीत तुमचं एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, ६.१ आलं: मधुमेह नाही, पण त्याचा उंबरठा. डॉक्टरांनी वजन थोडं उतरवायला, रोज चालायला आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. चालणं तीनदा सुरू केलंत, तीनदा सुटलं. तपासणीची चिठ्ठी अजून पाकिटात आहे. या विषयावर तुम्ही इतकं वाचलंय की ऑफिसातले लोक तुमचा सल्ला घेतात. पत्नी रोज आठवण करते आणि त्यावरून घरात वाद होतात. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? स्वतःला नीट घाबरवायचा काही उपाय आहे का, म्हणजे तरी मी हलेन?’

मी मानसशास्त्रज्ञ आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार झालेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांबरोबर बरीच वर्षं काम करते. साखरेचं वैद्यकीय गणित तुमच्या डॉक्टरांकडे राहू दे. मी वागण्याबद्दल बोलते.

शेवटचा प्रश्न आधी घेते. तुमच्याकडे भीती कमी नाही. ज्या कागदाची भीती वाटत नाही तो कागद माणूस वर्षभर पाकिटात जपून ठेवत नाही. एक तर काम उरकून टाकतो, नाहीतर कागद फेकून देतो. तुमच्याकडे भीती आहे, माहिती आहे, इच्छाही आहे. नाही ती एकच गोष्ट: अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी माझे पाय कुठे वळणार आहेत याचा ठराव. हे क्षुल्लक वाटेल, पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच अडलेलं असतं.

यावर एक जुना प्रयोग आहे. तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या लशीची माहितीपत्रकं दिली. काहींना सौम्य भाषेतलं पत्रक, काहींना अंगावर काटा येईल असं, फोटोंसकट. लस विद्यापीठाच्या दवाखान्यातच मोफत मिळत होती. भीतीदायक पत्रक वाचलेल्यांनी ‘लस घ्यायलाच हवी’ असं जास्त ठासून सांगितलं. प्रत्यक्षात लस घ्यायला कोण गेलं याचा फरक मात्र दुसऱ्याच गोष्टीने पडला. काही विद्यार्थ्यांना पत्रकासोबत दवाखाना दाखवणारा नकाशा दिला होता आणि आठवड्याच्या वेळापत्रकात कधी जमेल ते बघायला सांगितलं होतं. त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के गेले. बाकीच्यांपैकी जेमतेम ३ टक्के. दवाखाना कुठे आहे हे त्यातल्या बहुतेकांना आधीही ठाऊक असणार. नकाशाने नवी माहिती दिलीच नव्हती. ‘कधीतरी’चं ‘मंगळवारी दुपारी’ करून दिलं, एवढंच. नुसता नकाशा आणि मुळीच काळजी नाही, असंही चाललं नाही. थोडी काळजी लागतेच. पण ती तुमच्याकडे आहे, आणि ती दुप्पट केल्याने काम दुप्पट होत नाही.

उलट बिघडतं. मनाला धोका दिसला आणि समोर झेपेल असा रस्ता दिसला, तर माणूस धोक्याचा बंदोबस्त करतो. धोका मोठा दिसला आणि रस्ता दिसला नाही, तर तो भीतीचा बंदोबस्त करतो. म्हणजे विषय टाळतो, विनोद करतो, तपासणी पुढे ढकलतो, ‘आमच्या ओळखीतले एक गृहस्थ सगळं खाऊन-पिऊन नव्वदीपर्यंत जगले’ हे सांगतो. माझा एक अंदाज सांगते, पटला नाही तर सोडून द्या. तुमचं वाचनही थोडंसं याच कामाला लागलंय. आजाराबद्दल वाचत बसलं की आपण त्यासाठी काहीतरी करतोय असं वाटतं आणि मन तेवढ्यापुरतं शांत होतं. चालणं मात्र तिथेच राहतं.

आईच्या मधुमेहाबद्दलही एक गोष्ट विचारते. तुमच्या मनात दोन वाक्यं आलटून पालटून येतात का? एक, ‘मला इतक्यात काही होत नाही.’ दुसरं, ‘घराण्यातच आहे, व्हायचं ते होणारच.’ एकमेकांच्या अगदी विरुद्ध, पण दोन्हींचा निकाल एकच: आज काही करायची गरज नाही. पहिल्या वाक्याबद्दल बरंच संशोधन झालंय. स्वतःच्या वाट्याला वाईट गोष्टी इतरांपेक्षा कमी येतील असं बहुतेकांना वाटतं, हे मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं. दुसरं वाक्य मला जास्त घातक वाटतं, कारण ते शहाणपणाचा आव आणतं. आनुवंशिकता असली तर धोका वाढतो, हे खरं. पण ज्यांची साखर वाढलेली आहे, तरी मधुमेहापर्यंत पोचलेली नाही, त्यांच्यात तो टाळता किंवा लांबवता येतो, हे नीट तपासलं गेलंय. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. तीन हजारांहून अधिक माणसं, सरासरी जवळपास तीन वर्षं. वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल करायची, हे लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या गोळ्या दिलेल्या गटात ३१ टक्क्यांनी.

हा ५८चा आकडा सगळे सांगतात. तो कसा आला ते कोणी सांगत नाही. त्या गटातल्या प्रत्येकाला स्वतःचा मार्गदर्शक होता, पहिल्या सहा महिन्यांत सोळा बैठका होत्या, नंतरही भेटी चालू होत्या, अडलं की विचारायला माणूस होतं. म्हणजे ‘वजन उतरवा, चाला’ असं सांगून कोणाला घरी पाठवलं नव्हतं. तुम्हाला दहा मिनिटांच्या भेटीत तेवढंच सांगितलं गेलं, आणि ते जमलं नाही म्हणून तुम्ही स्वतःच्या इच्छाशक्तीवर खटला भरलाय. हा खटला मी दाखलच करून घेणार नाही.

आता प्रतिबंधाची खरी अडचण, जी मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. दात दुखत असताना गोळी घेतली की दुखणं थांबतं, आणि शरीर आपोआप शिकतं की हे काम फायद्याचं आहे. प्रतिबंधात असं काही शिकायला मिळत नाही. तुम्ही वर्षभर चाललात तर त्याचं फळ काय? काहीच न होणं. आजही काही झालेलं नाही, चालला नसतात तरी आज काही झालं नसतं. किंमत मात्र आजच चुकवायची: वेळ, घाम, झोप, आवडीच्या गोष्टीला नकार. आजची किंमत रोख आणि फायदा दहा वर्षांनी, तोही शक्यतेच्या भाषेत. असा व्यवहार मन मनापासून स्वीकारत नाही, आणि यात तुमचा स्वभावदोष नाही. रक्तदाबाच्या रुग्णांवर १९८० च्या दशकात झालेल्या एका अभ्यासात बहुतेकांनी मान्य केलं की रक्तदाब वाढलेला माणसाला कळत नाही. आणि त्यातल्याच बहुतेकांना वाटत होतं की स्वतःचा मात्र आपल्याला कळतो! कोणाला डोकं जड झाल्यावरून, कोणाला चेहरा तापल्यावरून. असं ज्यांना वाटतं ते बरं वाटलं की औषध सोडतात. वाढलेली साखरही या टप्प्यावर बहुधा काहीच जाणवू देत नाही. तुमचं शरीर तुम्हाला आठवण करून देणार नाही, याचा हिशेब धरूनच योजना करायला हवी.

म्हणून मी लोकांना चालण्याचं कारण बदलायला सांगते. मधुमेह टाळण्यासाठी चालायचं असेल तर त्याची पावती कधीच हातात पडत नाही. त्यापेक्षा चालण्याचा जो परिणाम त्याच दिवशी दिसतो तो शोधायचा. कोणाला रात्री लवकर झोप लागते, कोणाची दुपारची मरगळ कमी होते, कोणाला घरात शिरताना ऑफिस डोक्यातून उतरलेलं असतं. पहिले काही आठवडे वजनाचा आकडा लिहू नका. तो पाण्यानेही वरखाली होतो आणि उगाच हिरमोड करतो. चाललात त्या दिवशी फक्त एक शब्द लिहा, त्यानंतर कसं वाटलं याचा. ‘हलकं’, ‘कंटाळा’, ‘बरं’, काहीही. थोड्या दिवसांनी स्वतःच वाचून बघा. काहीच चांगलं सापडलं नाही तर चालणं हा तुमचा व्यायाम नाही. सायकल, पोहणं, नाच, बागकाम, दुसरं काहीतरी बघा. साखरेला तुमच्या आवडीशी देणंघेणं नाही, पण सवयीला आहे.

तीनदा सुटलं त्याकडे येऊ. माझ्यासमोर बसलेला माणूस म्हणतो, ‘उद्यापासून रोज सकाळी चालणार.’ मग आमचं बोलणं साधारण असं होतं.

‘किती वाजता?’
‘सहाला.’
‘सध्या उठता किती वाजता?’
‘सव्वासात.’
‘झोपता?’
‘बारा, कधी साडेबारा.’
‘बूट कुठे आहेत?’
‘कपाटावर, खोक्यात असतील.’
‘आणि मोजे?’

इथे बहुतेक जण हसतात. चालण्याचा संकल्प खरा असतो, पण तो उभा राहिलाय एका अशा माणसाच्या जिवावर जो रात्री अकराला झोपतो, पावणेसहाला उठतो आणि अंधारात स्टूल घेऊन खोकं काढतो. असा माणूस त्या घरात राहतच नाही. तो आठवडाभर पाहुणा येतो आणि जातो. आपण त्याच्या जाण्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणतो.

मग आम्ही दिवस उलगडून बसतो. सध्या न चुकता रोज काय होतं? एका गृहस्थांच्या दिवसात असं एकच काम निघालं. ते ऑफिसातून आल्यावर बहिणीला फोन करायचे, वीस-पंचवीस मिनिटं, सोफ्यावर बसून. ठरलं ते इतकंच: घरात शिरल्यावर बूट काढायचे नाहीत, बॅग दाराशी ठेवायची, बाहेर पडायचं आणि इमारतीच्या फाटकापाशी पोचलं की बहिणीला फोन लावायचा. चालण्यासाठी नवा वेळ काढावा लागला नाही. उठण्याची वेळ बदलली नाही. बूट शोधावे लागले नाहीत, कारण ते पायातच होते. बहिणीला मात्र सांगून ठेवावं लागलं की धाप लागल्यासारखं वाटलं तर घाबरू नकोस.

या पद्धतीवर पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञांचं बरंच काम आहे. ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ असं आधी जोडून ठेवायचं. १९९९ नंतर यावर भरपूर अभ्यास झाले आणि २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा नुसत्या इराद्यापेक्षा हा असा ठराव बराच जास्त कामी येतो असं दिसलं. पण याला जादू समजू नका. एका कंपनीत कर्मचाऱ्यांना फ्लूच्या मोफत लशीसाठी तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहायला सांगितली, तर लस घेणाऱ्यांचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेलं. वाढ चारच टक्क्यांची. पण एक ओळ लिहिण्याची किंमत धरली तर वाईट नाही. एकदाच करायच्या कामाला हा ठराव पुरतो. रोजच्या कामाला त्याच्या जोडीला सवय लागते, आणि सवयीला वेळ लागतो.

किती वेळ? एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगितलं जातं. तो आकडा विसरा. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एक नवीन रोजचं काम निवडायला लावून मोजलं. ते आपोआप व्हायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला आणि पसारा १८ ते २५४ दिवसांचा. व्यायामासारख्या कामांना सोप्या कामांपेक्षा जास्त वेळ लागला. त्यातच आणखी एक गोष्ट दिसली: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही.

तुमच्या लिहिण्यात एक वाक्य आहे, ‘पावसामुळे दोन दिवस गेलो नाही आणि मग संपलंच.’ खरं बघता दोन दिवसांच्या खाड्याने काहीच संपलं नव्हतं. संपवलं ते त्यानंतर मनात आलेल्या वाक्याने: ‘झालं, नेहमीसारखंच.’ मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी दारू सोडणाऱ्यांबरोबर काम करताना हे बारकाईने मांडलं. एक घसरण होते, माणूस तिचं कारण स्वतःच्या स्वभावात शोधतो, लाज वाटते, आणि त्या लाजेपोटी तो पूर्ण घसरतो. पहिल्या चुकीपेक्षा तिचा लावलेला अर्थ जास्त नुकसान करतो. म्हणून खाडा पडण्याआधीच खाड्याची योजना लिहून ठेवायची. पाऊस असेल तर काय? जिन्याच्या फेऱ्या, दहा मिनिटं. तब्येत बरी नसेल तर? काही नाही, झोपा, आणि बरं वाटल्याच्या पहिल्या दिवशी फक्त फाटकापर्यंत जाऊन या. बंद पडलेलं सुरू करताना पूर्वीच्या अंतरापासून सुरू करायचं नाही. हे पुरुषांना फार अवघड जातं असं माझं निरीक्षण आहे. पाच किलोमीटर चालणाऱ्याला पाच मिनिटं चालायला कमीपणा वाटतो.

आता तपासणी. ती चालण्यापेक्षा अवघड आहे, कारण चालताना वाईट बातमी मिळत नाही. इथे मी दोन कामं वेगळी करते. रक्त देणं हे एक काम, रिपोर्ट समजून घेणं हे दुसरं. पहिल्यासाठी फक्त दिवस ठरवा आणि एचबीए१सीसाठी उपाशी राहावं लागत नाही हे लक्षात ठेवा. डॉक्टरांनी सोबत दुसऱ्या तपासण्या लिहिल्या असतील तर लॅबला आधी विचारा. दुसऱ्यासाठी डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवा, म्हणजे आकडा हातात आल्यावर रात्रभर मोबाइलवर त्याचा अर्थ शोधत बसावं लागणार नाही. आकडा आणि पुढचं पाऊल एकाच खोलीत मिळालं पाहिजे. आणि आकडा वाढलेला निघाला म्हणून तुम्ही नापास होत नाही. साखर आज आहे तेवढीच आहे, तुम्ही मोजा किंवा नका मोजू. डॉक्टरांनी गोळी सुचवली तर तिला शिक्षा मानू नका. काहींना ती लागते, आणि गोळी घेऊनही चालता येतं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तुमचं काम पाळ्यांचं आहे का? असेल तर घड्याळाच्या वेळेला बांधलेली योजना टिकणार नाही, ती एखाद्या घटनेला बांधावी लागेल: ड्यूटी संपली की, डबा धुतला की. गुडघा किंवा छाती दुखते का, चालताना दम लागतो का? मग आधी डॉक्टर. घरात आजारी माणसाची देखभाल तुमच्याकडे आहे का? आणि एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. फक्त चालणंच सुटलंय, की पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्यात? झोप, भूक, माणसांत मिसळणं, कामातलं लक्ष, हे सगळंच काही आठवड्यांपासून उतरलेलं असेल तर तुम्ही ज्याला आळस म्हणताय ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत आणि ते आधी घ्यायचे. तसं असेल तर वर लिहिलेलं सगळं तूर्त बाजूला ठेवा.

राहिला पत्नीचा विषय. त्या काळजीने बोलतात, तुम्हाला ती हुकमत वाटते, आणि मग न चालणं हा तुमचा हक्क होऊन बसतो. ‘अगं, जाणारच होतो, पण तू म्हणालीस म्हणून आता जात नाही’ हे वाक्य मी इतक्या नवऱ्यांच्या तोंडून ऐकलंय की आता मी ते त्यांच्या आधी म्हणते. स्वातंत्र्यावर कोणी हात ठेवला की माणूस नेमकं उलट करतो. मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये हा सिद्धान्त मांडला, पण घरोघरच्या बायकांना तो त्याआधीपासून माहीत असणार. पत्नीला ‘बोलू नकोस’ म्हणून उपयोग नाही, कारण काळजीला जागा लागते. त्यांना एक ठरावीक काम द्या, तुम्ही मागितलेलं. उदाहरणार्थ, आठवण करायची नाही, पण तुम्ही आल्यावर बूट काढण्याआधी दार उघडून धरायचं. किंवा रविवारी एकदाच विचारायचं, ‘या आठवड्यात काय अडलं?’ आणि तुमचं उत्तर मध्ये न बोलता ऐकायचं. ‘का नाही गेलास’ आणि ‘काय अडलं’ या दोन प्रश्नांना माणूस फार वेगळी उत्तरं देतो.

तुमचा दिवस कसा जातो, उठल्यापासून झोपेपर्यंत, ते खाली लिहिलंत तर त्यात जागा कुठे सापडते ते मी बघून सांगेन. आदर्श दिवस लिहू नका. कालचा लिहा.